जमिनीखालचा कारभारी कोण?

अंबरनाथच्या शिवमंदिरात देवापाशी जायला पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेल्या या शिलाहारकालीन मंदिराचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. शेजारून वालधुनी वाहते. काकोळ्याच्या डोंगरातून निघून ती अंबरनाथ ओलांडते, उल्हासनगरच्या दाट वस्तीतून जाते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. वाटेत नगरपालिका बदलते, महापालिका बदलते. पाण्याला त्याचा पत्ताही नसतो. डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्याची ही गत, तर कातळाच्या पोटातल्या पाण्याचा हिशेब ठेवायचा कोणी?

हा प्रश्न आजवर मागे राहिला, कारण धरणांनी आपल्याला निवांत ठेवले. एमआयडीसीचे बारवी धरण आणि बदलापूरचा उल्हासवरील बंधारा, यांवर या पट्ट्याची तहान भागते. उल्हासनगरला पाणी देते एमआयडीसी, अंबरनाथ-बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. बारवीची पातळी पावसाळ्यात वर्तमानपत्रात छापून येते. पण नळ रुसला की सोसायटी ज्या बोअरकडे वळते आणि टँकरवाला ज्या विहिरीवर पाइप लावतो, त्यांची पातळी कुठेच छापून येत नाही.

रांजणांची उतरंड

आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. वाळूसारखा तो सलग पाणी धरत नाही. वरचा मुरूम, झिजलेला थर, भेगा आणि सच्छिद्र पट्टे एवढ्यांतच पाणी मुरते. मधला अभंग कातळ कोरडाच. म्हणजे खाली एक अखंड तळे नसून लहान-मोठ्या रांजणांची उतरंड आहे. म्हणून एका इमारतीच्या बोअरला धो धो पाणी लागते आणि रस्त्यापलीकडे दोनशे फूट खणून नुसती धूळ उडते. कोकणचा पाऊस हे रांजण दरवर्षी भरतो, पण ते लहान असल्याने आणि उतार तीव्र असल्याने उन्हाळ्यापर्यंत रितेही होतात.

रांजण नुसता रिता होतो असे नाही, नासतोही. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. उल्हासनगरच्या जीन्स धुलाई कारखान्यांवर कारवाई झाली, तेव्हा त्यांतले काही शेजारच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत सरकले. धंदा हद्द ओलांडतो, सांडपाणी हद्द ओलांडते. अडते ती फक्त नोटीस.

कायदा आहे, पण…

१८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून आपली समजूत अशी की ज्याची जमीन, त्याचे खालचे पाणी. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याचे स्रोत वाचवणारा भूजल कायदा केला. त्यानंतरचा २००९ चा व्यापक भूजल कायदा २०१४ मध्ये अमलात आला. त्यानुसार महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण हेच राज्याचे भूजल प्राधिकरण आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा त्याची तांत्रिक सल्लागार. विहिरींची नोंदणी, अधिसूचित क्षेत्रे, ६० मीटर व त्याहून खोल विहिरींवर निर्बंध, पाणलोट क्षेत्राची समिती, असे सारे त्यात आहे. मोठी गोष्ट ही की कारभाराचे एकक गाव नसून पाणलोट धरले आहे. पण कायद्याच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने शेतकऱ्याची विहीर उभी आहे. सात मजली इमारतीची बोअर नंतर आठवते.

चार वाटा

पहिली वाट, ज्याने त्याने आपले पाहावे. तीच आज चालू आहे. दुसरी, सारे जिल्ह्याच्या वा राज्याच्या हाती सोपवावे. अधिकार मिळतील, पण मुंबई-पुण्यात बसून बदलापूरच्या बेलवलीतल्या बोअरवर नजर कोण ठेवणार?

तिसरी वाट कंपनीची. उल्हासचेच पाणी ठाणे, भिवंडी आणि मिरा-भाईंदरला देणारी ‘स्टेम’ ही कंपनी तिथल्या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद मिळून चालवतात. म्हणजे शेजाऱ्यांनी एकत्र कारभार केल्याचा दाखला दारातच आहे. मात्र पाणीपुरवठा कंपनी पाणी विकून जगते. भूजलाच्या कारभाऱ्याला मात्र ‘आता उपसू नका’ हेच सांगायचे असते. दोन्ही कामे एकाच गल्ल्यावर बसवली तर गल्लाच जिंकेल.

चौथी वाट संयुक्त मंडळाची. कॅलिफोर्नियाने २०१४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना सांगितले, की मुदतीत आपापली भूजल संस्था उभारा, एकट्याने किंवा करार करून एकत्र. नाही जमले तर राज्य हात घालेल. अनेक ठिकाणी शेजारी संस्थांनी एकत्र येणेच पसंत केले. आपल्याकडे हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून शेतीसाठी बोअर बंद केल्या, पण तिथे एक गाव आणि एक ग्रामसभा होती. इथे तीन नगरे आणि त्यांच्यामधली गावे आहेत. त्यांना एका टेबलाशी बसवणारी तरतूद घटनेतही आहे. ७४ व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीकडे जी कामे दिली, त्यांत नगरे आणि पंचायतींमधील पाण्याची वाटणी स्पष्ट लिहिलेली आहे.

माझा कौल चौथ्या वाटेला. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपालिका आणि मधल्या ग्रामपंचायती यांचे छोटे मंडळ हवे. भूजल यंत्रणेचा भूवैज्ञानिक त्यात असावा आणि राज्य प्राधिकरणाचा अधिकार पाठीशी. नवी इमारत नको, नवी गाडी नको. आधी एकच सामाईक नोंदवही हवी. किती बोअर, किती खोल, कुठे टँकर भरतात आणि कुठे पाणी नासले, एवढे तिच्यात आले की पुढचे भांडण निदान आकड्यांवर होईल.

ती वही उघडेपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. सोसायटीच्या पुढच्या सभेत सेक्रेटरींना विचारा, आपल्या बोअरची खोली किती आणि मे महिन्यात तिच्यात पाणी किती फुटांवर होते? उत्तर मिळाले नाही, तर तुमच्या जमिनीखाली कारभारी कोणीच नाही, असे समजा.