वजन कमी करण्याचं ऑपरेशन : आतड्याचा आजार लपवू नका

शौचावाटे रक्त पडलं की आपल्या वस्त्यांत पहिलं नाव निघतं मूळव्याधीचं. चूर्ण खाण्यात वर्ष जातं आणि मग दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात जखमा दिसतात. हा अल्सरेटिव्ह कोलायटिस. त्याचाच भाऊ क्रोन्स. तो बहुधा लहान आतड्याच्या शेवटी होतो आणि आतड्याच्या टीबीसारखाच दिसतो, म्हणून टीबी नाही याची खात्री आधी करावी लागते.

असा रुग्ण वाळलेलाच असतो असं नाही. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी भूक वाढते, अंग सुटतं. मग बायाबापड्या आम्हाला विचारतात, "सिस्टर, ऑपरेशन करून वजन उतरवू का?"

करता येतं. पण कोणतं आणि कधी, यावर सगळं अवलंबून आहे.

स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात, आतड्याला हात लावत नाहीत. २०१७ साली मुंबईच्या सैफी रुग्णालयात इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर झालं ते हेच. बायपासमध्ये मात्र अन्नाची वाट बदलून लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळतात. क्रोन्सच्या रुग्णाला पुढे कधी आतडं कापावं लागलं तर उरलेलं आतडं पोषणाला कमी पडू शकतं. म्हणून क्रोन्समध्ये डॉक्टर सहसा स्लीव्हच निवडतात. कोलायटिसमध्ये दोन्हींचा विचार होतो.

आजार उसळलेला असताना ऑपरेशन नको. स्टेरॉइड चालू असेल तर जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पण गोळ्या मनाने बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टर हळूहळू कमी करतात. त्या कमी झाल्यावर थोडं वजन आपोआपही उतरतं. मग दागिने गहाण टाकून खाजगीत काही लाख भरण्याची घाई कशाला? आधी जुने कागद घेऊन सीपीआरच्या मेडिसिन विभागात दाखवा.

ऑपरेशननंतर गोळ्या कुटून घ्यायला सांगतात. कोलायटिसच्या मेसालामाइन गोळीवर मात्र आवरण असतं, ती आतड्यात जाऊनच विरघळायला हवी. ती कुटायची नाही. डॉक्टरांना तसं आठवणीने विचारा. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणून खाऊ नका, त्यांनी जठरात व्रण होतात आणि जुना आजार उसळतो. लोह, बी-१२ आणि इतर जीवनसत्त्वं मात्र आयुष्यभर घ्यावी लागतात, रक्त तपासत राहावं लागतं.

आतड्याच्या या आजारात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका मुळातच जास्त, ऑपरेशनने तो आणखी वाढतो. म्हणून दुसऱ्या दिवसापासून चालवतात, तेव्हा कुरकुर करू नका. घरी आल्यावर एक पाय सुजला, दम लागला, ताप आला, छाती धडधडत राहिली किंवा पोट असह्य दुखलं, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.