प्रमाणग्रंथ आणि प्रत्यक्ष व्यवहार : सी भाषेच्या नव्या नियमांचा स्वीकार

भाषेचा नियम ग्रंथात नोंदला जाणे आणि तो व्यवहारात रूढ होणे या दोन भिन्न घटना होत. संगणकासाठी घडविलेल्या भाषा याला अपवाद असाव्यात, अशी कल्पना सहज होते. कारण तेथे नियम करणारी समिती असते आणि नियमांचा अधिकृत ग्रंथही असतो. सी या भाषेचा इतिहास पाहता मात्र ही कल्पना टिकत नाही.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविली. तिचे पहिले प्रमाण रूप १९८९ साली अमेरिकेत निश्चित झाले व पुढील वर्षी त्यास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यानंतर १९९९, २०११, २०१८ आणि २०२४ या वर्षी सुधारित प्रमाणे प्रसिद्ध झाली. परंतु सी भाषेत लिहिलेली आज्ञावली प्रथम वाचतो तो कंपायलर. तोच तिचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो. असे कंपायलर अनेक उत्पादकांनी, अनेक प्रणालींसाठी, निरनिराळ्या काळी तयार केलेले आहेत. समितीने नियम बदलला म्हणून जुना कंपायलर तो आपोआप शिकत नाही.

येथे मानवी भाषेशी असलेला एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली मान्य झाले, तरी जुन्या अनुस्वारांनिशी छापलेला मजकूर वाचकांना दुर्बोध झाला नाही. वाचक दोन्ही रूपे समजून घेतो. कंपायलरच्या ठायी ही सहिष्णुता नसते. एकच अपरिचित रूप आढळले, तरी तो संपूर्ण आज्ञावली नाकारू शकतो. मग त्या यंत्रावरील उपयोगकर्ता पुढील सुधारणांना, सुरक्षेच्या दुरुस्त्यांनाही, मुकतो.

उलटपक्षी, जुन्याच नियमांना चिकटून राहण्याचेही मूल्य द्यावे लागते. १९८९ च्या प्रमाणानुसार फॉर या पुनरावर्तनासाठी लागणाऱ्या चलाची घोषणा आधीच करावी लागे. साहजिकच पुनरावर्तन संपल्यावरही तो चल उपलब्ध राही आणि चुकून वापरला जाई. १९९९ च्या प्रमाणाने ही घोषणा फॉरच्या आतच करण्याची मुभा दिली व चलाचे आयुष्य तेथेच संपविले. याच प्रकारच्या दोषांचा प्रश्न पुढे आल्यावर लिनक्सच्या गाभ्याने २०२२ साली, ५.१८ या आवृत्तीत, जुन्या प्रमाणावर आधारलेली जीसीसी या कंपायलरची बोली सोडून २०११ च्या प्रमाणावर आधारलेली बोली स्वीकारली. हे एका निर्णयाने साधले, कारण त्या प्रकल्पाला मोजक्याच कंपायलरांचा विचार करावयाचा होता आणि त्यांची किमान आवृत्तीही आधीच ठरलेली होती.

ज्या प्रकल्पाची आज्ञावली अनेक प्रणालींवर, तेथील स्थानिक कंपायलरांनी उभी केली जाते, त्याची स्थिती वेगळी असते. २००५ साली आरंभ झालेला गिट हा प्रकल्प याचे उत्तम उदाहरण होय. तो कोण कोणत्या यंत्रावर, कोणत्या कंपायलरने उभा करतो याची गणना कोणापाशीही नाही. दीर्घकाळ तेथे १९८९ चे प्रमाण हीच सुरक्षित मर्यादा मानली जात असे. नामांकित स्थिरांकांच्या यादीत शेवटच्या घटकानंतर स्वल्पविराम देण्यास १९९९ च्या प्रमाणाने संमती दिली होती. तथापि एआयएक्स प्रणालीवरील आयबीएमच्या जुन्या कंपायलरला तो चालत नसल्यामुळे २०१० साली असे स्वल्पविराम गिटमधून काढून टाकावे लागले. २०१२ च्या आरंभी तसाच एक स्वल्पविराम पुन्हा आला. या वेळी कोणाचीही तक्रार आली नाही, आणि कालांतराने हे रूप निर्धोक मानले गेले.

पुढे याच अनुभवाची जाणीवपूर्वक पद्धती बनली. वाऱ्याची दिशा पाहण्यासाठी फुगा सोडावा, तसे नवे रूप एकाच ठिकाणी योजावयाचे आणि प्रतीक्षा करावयाची. २०१७ साली रचनेतील घटकांना नावानिशी आरंभमूल्य देण्याची सोय अशा रीतीने तपासण्यात आली. २०२१ च्या अखेरीस फॉरमधील चलघोषणेची पाळी आली. त्याच सुमारास, १९९९ चे प्रमाण पाळत असल्याचे न सांगणाऱ्या कंपायलरला थांबविणारी एक अटही घालण्यात आली. ही दोन्ही पावले जानेवारी २०२२ मधील २.३५ या आवृत्तीतून सर्वत्र गेली. फॉरमधील घोषणेस सर्वसाधारण वापराची अनुज्ञा मात्र २०२२ च्या अखेरीस मिळाली.

या पद्धतीचा आधार म्हणजे मौन. भाषाभ्यासकाला हा पुरावा दुबळा वाटेल आणि ते योग्यच आहे. निवेदकाने नकार दिला नाही, म्हणजे रूप त्याच्या बोलीत आहे, असे कोणी म्हणत नाही. मौनाला अर्थ प्राप्त व्हावा यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. नवे रूप प्रत्येकाला संकलित करावेच लागेल अशा भागात असले पाहिजे. २०१७ ची चाचणी म्हणूनच अक्षरमाला साठविणाऱ्या, सर्वत्र लागणाऱ्या रचनेत घेतली गेली. ते सहज मागे घेता यावे इतके अल्प असले पाहिजे. अडथळा आल्यास कोणास कळवावे हे उपयोगकर्त्याला समजले पाहिजे. आणि प्रतीक्षा दीर्घ असली पाहिजे, कारण जुन्या यंत्रांचे रखवालदार नवी आवृत्ती बहुधा सर्वांत उशिरा घेतात. एवढे करूनही जो कळवितच नाही, तो गणनेबाहेर राहतो. ही पद्धतीची मर्यादा होय.

या रीतीने प्रमाण अखंड स्वीकारले जात नाही, तर एकेक रूप पारखून घेतले जाते. आकारमान छापण्यासाठी १९९९ च्या प्रमाणाने दिलेली झेड ही खूण गिटने मोकळी केली नाही, कारण विंडोजवरील मिनजीडब्ल्यू या बांधणीच्या ग्रंथालयाला ती उमगत नव्हती. कधी कधी तर व्यवहारच प्रमाणाला नमवितो. चल लांबीच्या सारण्या १९९९ साली अनिवार्य होत्या. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने त्या स्वीकारल्याच नाहीत, आणि २०११ च्या प्रमाणाने त्या ऐच्छिक ठरविल्या.

यावरून असे दिसते की, नव्या प्रमाणाच्या स्वीकाराची तिथी समितीच्या ग्रंथावर छापलेली नसते. ज्याला वगळण्याची प्रकल्पाची तयारी नाही, अशा शेवटच्या वाचकाला ते रूप समजू लागते तेव्हा ती येते. तो शेवटचा वाचक कोण, हे ठरविणे हा केवळ तांत्रिक प्रश्न नव्हे; कोणाला सोबत न्यावयाचे आणि कोणाला मागे ठेवावयाचे, याचा तो निर्णय असतो.