अंगठ्याएवढ्या पिल्लांच्या दहा रात्री

मैत्रिणींनो, घरात बाळंतीण असली की पहिले दहा दिवस आपण डोळ्यांत तेल घालून जागतो. खिडकीतून वारा येतो का, बाळाचे पाय गार पडले का, दर तासाला उठून बघतो. जपानी लावीची पिल्ले घरी आणायचा बेत असेल, तर तेवढीच तयारी ठेवा. अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू सात-आठ ग्रॅमचे असते, म्हणजे दोन लहान चमचे साखरेएवढे! त्याला अंगातली ऊब स्वतः धरून ठेवता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कोंबडीची पिल्लेही लहानच असतात की! असतात. पण कोंबडी खुडूक बसते, पिल्ले पंखाखाली घेते. ही पाळीव लावी मात्र पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेली. अंडे घालते आणि बहुधा त्याच्याकडे वळूनही पाहत नाही. म्हणून तिची अंडी यंत्रात सतरा-अठरा दिवस उबवतात, आणि पुढचे आईपण आपल्या वाट्याला येते. ही जात आपल्याकडे परदेशातून आली, १९७४ साली, बरेलीजवळच्या इज्जतनगरला. रानातल्या लाव्यांना १९७२ च्या कायद्याने संरक्षण आहे, त्या धरायच्या नाहीत बरं का! पिल्ले घ्यायची ती पैदास केंद्रातूनच.

माझी फजिती आधी सांगते. २०१९ च्या जानेवारीत भिशीच्या पैशातून मी ५० पिल्ले आणली. कराडला कृष्णाकाठची थंडी कशी बोचते, ते तिथल्या बायकांना विचारा. मोठ्या खोक्यात वर्तमानपत्र अंथरले, पाण्याची वाटी ठेवली आणि ह्यांनी वर दिवा टांगून दिला. दिवा एलईडीचा. लख्ख उजेड! ‘‘तुझ्या पिल्लांची दिवाळी केली बघ,’’ असे म्हणून हे झोपायला गेले. पहाटे पाचला पाहते तो काय, एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग. वरची धडपडत होती, खालची गुदमरून गेलेली. २३ मोजली. आणखी चार पाण्याच्या वाटीत. सात वर्षांची माझी मुलगी त्या दिवशी एक शब्द न बोलता शाळेत गेली. सासूबाई एवढेच म्हणाल्या, ‘‘अगं, चांदण्यात कधी पापड वाळतात का?’’

तेव्हा पहिली गोष्ट, एलईडीचा दिवा उजेड देतो, ऊब देत नाही म्हटले तरी चालेल. पिल्लांना हवा जुना, तापणारा पिवळा बल्ब. अलीकडे तो शोधावा लागतो, पण मिळतो. साठचा एक लावण्यापेक्षा चाळीसचे दोन लावा, म्हणजे रात्री एक उडाला तरी दुसरा असतो. बल्ब साखळीने किंवा तारेने पक्का बांधा; सुतळीवर भरवसा नको. पुठ्ठ्यापासून आणि पिल्लांपासून चांगला वीतभर लांब ठेवा, नाहीतर आग लागायची.

५० पिल्लांना अडीच फूट लांब-रुंद खोके पुरते. त्याचे चारही कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करून घ्या. कोपरा मिळाला की पिल्ले तिथे एकावर एक चढलीच समजा. बल्ब मधोमध न टांगता एका बाजूला टांगा, म्हणजे ज्याला उकडेल त्याला सरकायला गार जागा राहील. खाली नुसते वर्तमानपत्र मुळीच नको! त्यावर पाय घसरतात, फाकतात, आणि दोन दिवसांत पिल्लू पांगळे होते. भाताचे तूस घालून त्यावर जुने खरखरीत फडके किंवा धुतलेले गोणपाट अंथरा. आणि पिल्ले यायच्या आधी तीन-चार तास बल्ब लावून ठेवा. गार खोक्यात पिल्ले सोडून मग दिवा लावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

ऊब किती? पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ ते ३७ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी. भिंतीवरचा साधा थर्मामीटर चालेल. ताप पाहायचा इथे कामाचा नाही. पण खरे सांगू? थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली घट्ट गोळा होऊन चिरक्या आवाजात ओरडत असतील तर थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्या. कडेला पळून चोच उघडी टाकून धापत असतील तर वर घ्या. सगळीकडे पसरून, बारीक कुजबुजल्यासारखी बोलत असतील तर तुम्ही खुशाल झोपा. तो चिरका आवाज एकदा ओळखीचा झाला की झोपेतही ऐकू येतो, तान्ह्याच्या रडण्यासारखा.

वीज गेली तर काय, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. बाटल्यांत गरम पाणी भरून, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून खोक्यात ठेवा, वरून अर्धे झाका, आणि तासा-दोन तासांनी पाणी बदला. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही नको. तिचा विषारी धूर पिल्लांबरोबर तुमचाही घात करील.

पाणी उथळ बशीत, आणि बशीत धुतलेले खडे किंवा मुलांच्या गोट्या, म्हणजे चोच भिजेल पण पिल्लू बुडणार नाही. पहिल्या दिवशी पाणी कोमट असू द्या आणि चार-पाच पिल्लांच्या चोची त्यात बुडवून दाखवा. बाकीची बघून शिकतात. खाद्य रव्याएवढे बारीक हवे. लावीच्या पिल्लांना शेकडा २४ ते २७ प्रथिने लागतात, अंड्यांच्या कोंबडीच्या पिल्लांना मिळणारे खाद्य त्यांना कमी पडते. ब्रॉयलरचे सुरुवातीचे खाद्य आणून मिक्सरमधून काढा, चाळणीने चाळा, वर उकडलेल्या अंड्याचा थोडा कीस घाला. उरलेला कीस तासाभरात काढून टाका, तो लगेच नासतो. खोके टेबलावर ठेवून टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, दुधाच्या कपाटाला ठेवतो तशा. मुंग्या या पिल्लांना जिवंत सोडत नाहीत. मांजरासाठी वर बारीक जाळी हवीच, आणि पंधराव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले उडू लागतात तेव्हाही तीच उपयोगी पडते. मुलांनी पिल्ले हाताळली की साबणाने हात धुवायचे, यात सूट नाही.

मार्चमध्ये मी पुन्हा ५० आणली. या वेळी पहिल्या रात्री सासूबाई आणि मी आळीपाळीने जागलो. ४६ राहिली. तिसऱ्या आठवड्यात छातीची पिसे तांबूस झाली ते नर, ठिपक्यांची झाली त्या माद्या, असे मुलगी वहीत मांडून ठेवत होती. मेच्या पहिल्या आठवड्यात तिलाच कोपऱ्यात पहिले अंडे सापडले, जेमतेम दहा ग्रॅमचे, तपकिरी डागांचे. ते उकडायचे की ठेवून द्यायचे, यावर त्या दिवशी जेवणे होईपर्यंत आमच्याकडे वाद चालला होता.