पायलटदादा, झोप झाली का?

बालदोस्तांनो, मोठं झाल्यावर तुम्ही कोण होणार? दहा मुलांच्या घोळक्यात हा प्रश्न टाकून बघा. निदान दोघं-तिघं तरी हात वर करून ओरडतील, "पायलट!" आणि का नाही ओरडणार? पांढराशुभ्र शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, डोळ्यांवर काळा गॉगल, खाली ढगच ढग! शिवाय पगार भरपूर असणारच, असं आपण धरूनच चालतो.

पण थांबा हं! आज आपण विमानाच्या पुढच्या खोलीत, म्हणजे कॉकपिटमध्ये, जरा डोकावणार आहोत. तेही मोठ्या कंपनीच्या नाही, छोट्या कंपनीच्या विमानात. त्यासाठी जायचंय अमेरिकेला. बांधा पट्टे!

नाव मोठ्याचं, विमान छोट्याचं

अमेरिकेत मोठ्या शहरांपासून लहान गावांकडे पन्नास-सत्तर आसनांची विमानं जातात. तिकिटावर नाव मोठ्या कंपनीचं, विमानाचा रंगही तिचाच. पण बऱ्याचदा ते विमान चालवते एखादी छोटी कंपनी, ठेक्यावर. वैमानिक तिचे, त्यांना पगारही तीच देते. आपल्याकडे एस.टी.ने खासगी मालकांच्या गाड्या भाड्याने घेऊन स्वतःच्या नावाने चालवल्या, तसाच हा प्रकार. प्रवाशाला वाटतं, आपण मोठ्या कंपनीच्या विमानात बसलोय!

नवशिका वैमानिक आधी अशाच छोट्या कंपनीत लागतो. का? तर त्याला हवे असतात 'तास'. विमान किती तास चालवलं, याची प्रत्येक वैमानिकाकडे वही असते. वहीतले तास वाढले, तरच मोठी कंपनी दारात उभं करते. मग ही मंडळी तास जमवायला काय काय करतात! कुणी नवख्यांना विमान शिकवतं, कुणी शेपटीला जाहिरातीचा फलक बांधून समुद्रकिनाऱ्यावर घिरट्या घालतं, कुणी छत्रीधारी उडी मारणाऱ्यांना वर नेऊन सोडतं, तर कुणी रात्री-अपरात्री टपाल आणि पार्सलं वाहतं.

गंमत अशी, की ज्याला तास हवेत, तो कमी पगारातही कामाला तयार होतो. आणि हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं!

खडू हातात असेल तेवढाच पगार

समजा, तुमच्या सरांना सांगितलं, "तुम्ही खडू हातात धराल तेवढ्याच वेळाचा पगार मिळेल. वह्या तपासणं, मधली सुट्टी, पावसात अडकून शाळेत थांबणं, यांचे पैसे नाहीत." कसं वाटेल सरांना?

अमेरिकेत बहुतेक वैमानिकांचा पगार असाच मोजला जातो, तासावर. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, पोचून उभं राहिलं की बंद. महिन्याला ठरावीक तासांची हमी असते, जेवणाखाण्याचा थोडा भत्ताही मिळतो. पण वादळामुळे दिवसभर विमानतळावर ताटकळत बसलात, तर त्या बसण्याचा हिशेब फारसा लागत नाही.

आणखी एक. कंपनी म्हणते, तुमचं काम अमुक शहरातून सुरू होईल. पण त्या शहरातलं घरभाडं परवडत नाही! मग वैमानिक राहतो आईवडिलांकडे, हजारो किलोमीटर दूर, आणि कामावर जायला दुसऱ्या विमानातली रिकामी जागा शोधतो. काही जण मिळून विमानतळाजवळ एखादी खोली घेतात. एका खोलीत चार-सहा पलंग, एकावर एक. जो येईल त्याने पाठ टेकायची.

यात काय एवढं, असं वाटलं ना? मग पुढचं लक्ष देऊन वाचा.

१२ फेब्रुवारी २००९ ची रात्र

न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून बफेलो शहराकडे एक विमान निघालं. नाव मोठ्या कंपनीचं, कॉन्टिनेन्टलचं. चालवत होती कोलगन एअर नावाची छोटी कंपनी. विमानात ४५ प्रवासी आणि ४ कर्मचारी.

सहवैमानिक होती अवघी २४ वर्षांची. ती राहायची सिअॅटलजवळ, आईवडिलांकडे. म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला! कामावर हजर व्हायला ती आदल्या रात्री मालवाहू विमानात बसून निघाली, वाटेत मेम्फिसला विमान बदललं आणि सकाळी साडेसहाला नेवार्कला पोचली. जी काही झोप झाली, ती विमानात आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीतल्या कोचावर. त्यात तिला सर्दी. उड्डाणाआधी ती कप्तानाला म्हणाली, घरी असते तर आजारी म्हणून आलेच नसते. आता इथे सुट्टी घेतली, तर बरं वाटेपर्यंत स्वतःच्या पैशाने हॉटेलात राहावं लागेल.

तिचा पगार किती? चौकशीत कंपनीकडून आकडा आला वर्षाला सुमारे १६ हजार डॉलर. मग कंपनीने खुलासा केला, सुमारे २४ हजार. अमेरिकेतल्या महागाईत दोन्ही आकडे तुटपुंजेच. नोकरीच्या सुरुवातीला ती कॉफीच्या दुकानातही काम करत असे.

कप्तान फ्लोरिडाहून ये-जा करायचा. त्याचीही रात्र कर्मचाऱ्यांच्या खोलीतच गेली होती. पहाटे तीनच्या सुमाराला तो संगणकावर काम करत होता, अशी नोंद सापडली. शिवाय आधीच्या काही उड्डाण-परीक्षांत तो नापास झाला होता. नोकरी देताना कंपनीला त्या सगळ्यांची माहितीच नव्हती.

बफेलो जवळ आलं आणि विमानाचा वेग फार कमी झाला. सायकल फार हळू चालवली की तोल जातो ना? विमानाचंही तसंच. वेग घटला की पंख त्याला उचलून धरू शकत नाहीत. अशा वेळी वैमानिकाच्या हातातला दांडा आपोआप थरथरतो. म्हणतो, "अरे, जागा हो!" मग नाक खाली करायचं आणि वेग वाढवायचा. हा पहिला धडा. पण कप्तानाने दांडा मागे ओढला आणि नाक वर गेलं. अर्ध्या मिनिटाच्या आत विमान एका घरावर कोसळलं. विमानातले सगळे ४९ जण आणि घरातला एक, असे ५० जीव गेले.

मग हे झोपेमुळेच झालं का? चौकशी मंडळ फार जपून बोललं. कप्तानाने चुकीची हालचाल केली, हे मुख्य कारण. दोघंही थकलेले असावेत, पण त्या थकव्याने नेमका किती घात केला ते मोजता येत नाही. खरंच आहे. झोप मोजायचं यंत्र विमानात कुठे असतं?

रडून थांबले नाहीत

ज्यांची माणसं गेली, ती कुटुंबं घरी रडत बसली नाहीत बरं का! ती पुन्हा पुन्हा राजधानी वॉशिंग्टनला गेली, खासदारांना भेटली. शेवटी २०१० साली नवा कायदा झाला. पूर्वी २५० तासांच्या अनुभवावर सहवैमानिक होता येई. २०१३ पासून साधारण १५०० तास लागू लागले. वैमानिकांच्या परीक्षांच्या निकालांची एकत्र नोंद ठेवायचं ठरलं. आणि २०१४ पासून दोन कामांच्या मध्ये किमान १० तासांची विश्रांती आली. त्यात सलग ८ तास झोपायची संधी मिळालीच पाहिजे!

कोलगन एअर २०१२ साली बंद पडली. पुढे वैमानिक कमी पडू लागले, तेव्हा पगारही वाढले. २०२२ साली काही छोट्या कंपन्यांनी नवख्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर देऊ केले. म्हणजे बघा, पैसे देणं अशक्य कधीच नव्हतं!

आपल्याकडे काय?

आपल्याकडे गोंदिया, बारामती इथे विमान चालवायला शिकता येतं. व्यावसायिक परवान्याला वय १८ पूर्ण आणि किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. खर्च मात्र लाखांच्या घरात. विश्रांतीचा प्रश्न आपल्यालाही सुटलेला नाही. २०२४ च्या जानेवारीत सरकारने वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करायचं ठरवलं. डिसेंबर २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा या नव्या नियमांची चर्चा घराघरांत झाली, आठवतंय ना?

आई-बाबा, हे तुमच्यासाठी. मुलीने किंवा मुलाने "पायलट व्हायचंय" म्हटलं, तर नाही म्हणू नका. पण कर्ज काढण्याआधी चार प्रश्न जरूर विचारा. शिकल्यावर पहिली नोकरी कुठे मिळते? पगार तासावर की महिन्यावर? नोकरी सोडली तर कंपनीला पैसे भरून द्यावे लागतात का? आणि राहायचं कुठे?

आणि दोस्तांनो, तुम्ही? तुम्ही स्वप्न खुशाल बघा. फक्त परीक्षेच्या आदल्या रात्री जागून, "मला काही होत नाही" अशी फुशारकी मारण्याची सवय आतापासूनच सोडा. उद्या खांद्यावर सोनेरी पट्ट्या आल्या की कधीतरी म्हणावं लागेल, "साहेब, मी थकलोय, आज विमान चालवणार नाही." हे म्हणायला वादळात विमान उतरवण्याइतकंच धाडस लागतं. आणि ते ऐकून घेणारा साहेब व्हायला त्याहूनही जास्त!