एक मीटर चिखल

शिवडी स्टेशनवर उतरून पूर्वेला जेट्टीकडे चालू लागले, की आधी खाडीचा वास येतो आणि मग चिखल दिसतो. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात, तेव्हा शहरातून माणसे दुर्बिणी घेऊन येतात. पक्षी गेले की माणसेही जातात. चिखल आणि काठावरची तिवरे मात्र बारा महिने तेथेच असतात.

तिवर हे झाड मोठे चिवट असते. खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून त्याची काही मुळे उलटी, म्हणजे वरच्या दिशेने वाढतात. पेन्सिली रोवाव्यात तशी ती दिसतात. त्यांच्यावरील बारीक छिद्रांतून ओहोटीच्या वेळी हवा आत जाते. पाण्याबरोबर आलेले जादा मीठ पाने बाहेर टाकतात. उन्हात पानावर त्याचे कण चमकतात. बी तर झाडावर असतानाच फळाच्या आत रुजू लागते.

हे सारे पुस्तकात मिळते. आपल्या किनाऱ्यावर काय चालले आहे, हे मात्र पुस्तकात मिळत नाही. ते मोजावे लागते. मोजावे कसे, हे शिकवणारी गोष्ट अमेरिकेतील नेब्रास्काची आहे. तेथे प्रेअरी नावाची विस्तीर्ण गवताळ मैदाने आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील विद्यापीठात चार्ल्स बेसी यांचे दोन विद्यार्थी, रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स, गवताचा अभ्यास करीत होते. कोणती वनस्पती किती, हे ते आधी नजरेने ठरवीत. पुढे त्यांनी पाच मीटरचे चौरस आखून एकेक रोप मोजले, तेव्हा नजरेचा अंदाज फारच चुकतो असे त्यांना आढळले. १८९८ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. चौरस आखून मोजण्याची रीत आज जगभर वापरली जाते. कलाशाखेच्या मित्रांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो: यातील पाउंड हे वकील होते आणि पुढे १९१६ ते १९३६ या काळात हार्वर्डच्या कायदा विद्यालयाचे प्रमुख होते.

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझा एक वर्गमित्र चार काठ्या आणि सुतळी घेऊन ओहोटीच्या वेळी गेलो. काठावर एक मीटरची चौकट आखली आणि आतली मुळे दोघांनी वेगवेगळी मोजली. आकडे जुळले नाहीत. पुन्हा मोजली, तरी जुळले नाहीत. मग वाद घालता घालता कारण सापडले: मोडलेली मुळे तो धरत होता, मी सोडत होतो, सुतळीखालच्या मुळांचेही तसेच. आम्ही नियम ठरवून वहीत लिहिला आणि तिसऱ्या वेळी आकडा एक आला. शिवाय नजरेला अजिबात न दिसलेली, दोन पानांची तिवराची पिले मोजताना सापडली.

एका चौकटीवरून काहीच सिद्ध होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तीच चौकट दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच नियमाने मोजली तर बदल कळेल. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून न्हावाशेवाकडे जाणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्यापूर्वी या एका मीटरात काय होते, असे कोणी विचारले तर आमच्याजवळ उत्तर नाही. आम्ही येथलेच, पण लिहून ठेवले नाही. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवने तोडण्यास मनाई केली. ती मनाई प्रत्यक्षात पाळली जाते की नाही, हे सांगायला मात्र कोणाची तरी वही लागते.

यासाठी प्रयोगशाळा नको, झाडाचे पानही तोडायला नको. भरती-ओहोटीचे वेळापत्रक, सुतळी आणि भांडायला एक जोडीदार पुरे. आमची वही कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवण्याचा विचार आहे. पुढच्या वर्षी आम्ही तृतीय वर्षाला असू. त्यानंतरचे पान कोण भरणार?