संगीत नाटक बसवायचंय? आधी पेटीची पट्टी ठरवा
विद्यापीठाच्या नाट्यविभागाला हाताशी धरून गावात प्रयोग कसा उभा राहतो, त्याची ही माहिती

राधानगरी, भुदरगडकडच्या गावांत ज्यांनी सोंगी भजन पाहिलंय, त्यांना संगीत नाटक म्हणजे काय हे फार समजावून सांगायला नको. अंगावर सोंग, तोंडात अभंग आणि मागं टाळ-मृदंग. गाणं आणि सोंग एकमेकांपासून वेगळं काढताच येत नाही. संगीत नाटकाचं बीजही तेवढंच. बोलता बोलता माणसाच्या मनात असं काही दाटून येतं, की ते बोलून संपत नाही, मग तो गातो. नाटकाच्या भाषेत या गाण्याला ‘पद’ म्हणतात.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण म्हणजे कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचं नाव त्या वास्तूला दिलंय त्या केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१३ साली पाया घातलेलं आणि १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ म्हणून सुरू झालेलं हे नाट्यगृह. कितीतरी लोक त्या रात्री खासबागेत नुसते उभे राहून बघत होते. वास्तू पुन्हा बांधायचं ठरलं, ते व्हायलाच हवं. पण भिंती उभ्या राहिल्या तरी आत गाऊन नाटक करणारी पोरं कुठून आणायची, हा प्रश्न त्याहून अवघड आहे.

ती पोरं आपल्याच गावांत आहेत, असं मला वाटतं. भजनी मंडळात आहेत, शाहिरांच्या मागं कोरस धरतात, शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा टाळ्या घेतात आणि नंतर गप्प होतात. त्यांना वळण लावणारी जागा जिल्ह्यातच आहे. शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. नावातच दोन्ही आहेत, आणि आपल्या कामाची गोम तीच. गाणं शिकणारे आणि नाटक शिकणारे विद्यार्थी एका छताखाली सापडतात. संगीत नाटकाला नेमकं हेच लागतं, आणि हौशी मंडळांचं घोडं नेमकं इथंच अडतं.

तो काळ कोल्हापूरचाच होता

थोडं मागचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तिथून मराठी नाटकाची गणना सुरू होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० साली पुण्यात आलं, १८८२ साली ‘सौभद्र’. ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. ‘मानापमान’ला १९११ साली चाली दिल्या त्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी, आणि त्यासाठी उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीचा ढंग त्यांनी मराठी पदात आणला. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते, त्यामुळं गावात कानही तयार होता.

नाटक कंपन्यांचे रंगवलेले पडदेसुद्धा इथलेच. आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री बंधूंनी ते रंगवले. पुढं हेच बाबूराव पेंटर सिनेमाकडं वळले, त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० चा. कोल्हापूरची हुशारी मग बरीचशी सिनेमात गेली. असो.

केशवराव भोसले लहानपणीच नाटक कंपनीत शिरले. पोरसवदा वयात त्यांनी शारदेची भूमिका गाजवली. वय अठरासुद्धा नसताना, १९०८ साली त्यांनी हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची कंपनी काढली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. त्यात ते धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

नाटक कुठलं घ्यायचं?

विभागाकडं जाण्याआधी मंडळानं घरी बसून हे ठरवलेलं बरं. यात एक कायद्याची बाजू आहे, ती फार जणांना माहीत नसते. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं त्याच्या लिखाणाचे हक्क वारसांकडं राहतात. किर्लोस्कर १८८५ साली गेले, देवल १९१६ साली, ‘मानापमान’वाले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली. ही नाटकं आता कुणीही करू शकतो. पण ‘कट्यार काळजात घुसली’ करायचं म्हटलं, तर लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर आणि संगीतकार जितेंद्र अभिषेकी या दोघांच्याही निधनाला अजून साठ वर्षं झालेली नाहीत. परवानगी घ्यावी लागेल. चालीचा हक्क शब्दांपासून वेगळा असतो, हेही ध्यानात ठेवा.

दुसरा कागद म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. लोक त्याला नाटकाचं सेन्सॉर म्हणतात. जाहीर प्रयोगाला ते लागतं.

मला विचाराल तर गावासाठी ‘शारदा’ घ्यावं. १८९९ सालचं नाटक. पैशाच्या लोभानं कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी लावायला निघालेला बाप, मध्ये दलाली खाणारा भद्रेश्वर दीक्षित, आणि भर मांडवात मोडणारं लग्न. हे बघताना हसू येतं आणि मग हसू थांबतं, कारण ओळखीची चार घरं आठवतात. (जाता जाता: बालविवाहाविरुद्धच्या १९२९ च्या कायद्याला ‘शारदा कायदा’ म्हणायचे, ते या नाटकावरून नव्हे. तो मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा, त्यांच्या नावावरून.) शिवाय देवलांची पदं साधी आहेत. ताना-पलट्यांचा डोंगर नाही. साकी, दिंडी असल्या जुन्या मराठी छंदांवर या नाटकांचा पिंड पोसलाय. इथली दिंडी म्हणजे वारीतली नव्हे, तो पद्याचा एक प्रकार. ओवी, अभंग म्हणणाऱ्या गळ्याला ही पदं लवकर बसतात. शारदेच्या मैत्रिणी, लग्नातली वऱ्हाडी मंडळी ही कामं गावातल्या पोरापोरींना देता येतात. मुख्य भूमिका आणि साथसंगत विभागाच्या विद्यार्थ्यांकडं.

पट्टीचा घोळ

आता खरं काम. संगीत नाटक पहिल्यांदा अडतं ते पट्टीवर. पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा ‘सा’ पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा ते. पुरुषांचा आवाज साधारण काळी एकला बसतो, बायकांचा काळी चारच्या आसपास. केशवरावांच्या वेळी बायकांची कामंही पुरुषच करायचे, त्यामुळं हा घोळ एवढा नव्हता. आज शारदा मुलगी असते, कोदंड मुलगा असतो, आणि दोघं एकाच प्रवेशात गातात.

पेटीवाल्याचं काय, तो बोटं सरकवतो. तबला मात्र एका सुरात लावलेला असतो, पदापदाला ठोकत बसता येत नाही. म्हणून जाणता तबलजी दोन-तीन तबले घेऊन बसतो. आणि एक जुनी युक्ती आहे. काळी एक ‘सा’ धरला तर त्याचा पंचम येतो बरोबर काळी चारवर. म्हणजे काळी चारला लावलेला एकच तबला मुलीला ‘सा’ देतो आणि मुलाला ‘प’. दोघांचंही भागतं. हे नशिबानं जुळत नाही. पात्रं निवडतानाच पेटी समोर ठेवून प्रत्येकाचा आवाज तपासावा लागतो. भूमिका आधी वाटायच्या आणि पट्टी नंतर बघायची, या उलट्या रीतीनं कितीतरी नाटकं पंधरा दिवसांत बंद पडलीत.

दुसरी अडचण बोलण्यातून गाण्यात शिरण्याची. पदाच्या आधीचं वाक्य चालू असतानाच पेटीवाला हळूच सूर देतो. नटानं वाक्य न तोडता तो कानात धरायचा आणि गाण्यात पाऊल टाकायचं. गाणं शिकणारे विद्यार्थी इथं थांबतात, घसा साफ करतात, समोर बघतात आणि मैफलीसारखं सुरू करतात. शारदा गेली, गायिका उरली. नाटकवाले विद्यार्थी उलट करतात. चेहऱ्यावर भाव अगदी बरोबर, पण सूर पेटीला सोडून. म्हणून तालमीत दोघांना एकमेकांचं काम करायला लावतात. गाणाऱ्यानं पद आधी नुसतं बोलून दाखवायचं, अर्थासकट. नटानं सात सूर रोज अर्धा तास घोटायचे. महिना-दीड महिना हे चालतं, तेव्हा कुठं दोघं एकाच रांगेत येतात.

आणि सगळ्यात अवघड काम गाणाऱ्याचं नसतंच. एक जण चार-पाच मिनिटं गातोय, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्यानं काय करायचं? मान डोलवली तर तो श्रोता झाला. इकडंतिकडं बघितलं तर प्रेक्षकही तिकडं बघतात. पुतळ्यासारखा उभा राहिला तर प्रवेश मेला. त्यानं ऐकायचं असतं, पण त्या पात्रानं ऐकावं तसं. कांचनभट लेकीचं दुःख ऐकतोय आणि मनात पैशाचा हिशोब चाललाय, हे एकही शब्द न बोलता दिसलं पाहिजे. माझ्या मते चांगला प्रयोग ओळखायचा तो न गाणाऱ्यावरून.

दहाचा ठोका

पूर्वी ‘सौभद्र’ रात्रभर चालायचं. मूळ नाटकात शंभरावर पदं, वर ‘वन्स मोअर’. आता रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले ठरावीक पंधरा दिवसच सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, आणि ते बहुतेक सणांत जातात. म्हणजे साडेसहाला नांदी सुरू झाली, तरच भरतवाक्य वेळेत येतं. गावात साडेसहा म्हणजे धारा काढायची वेळ, हे मलाही कळतं. त्यामुळं पदं निवडून कमी करावी लागतात. कुठली ठेवायची ते विभागातल्या शिक्षकांवर सोडा. ज्या पदानं कथा पुढं सरकते ते राहतं, नुसती गायकी दाखवणारं जातं. सत्कार आणि भाषणं नाटकाच्या आधी ठेवलीत तर मात्र वाट लागली. सत्कार दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा.

साउंडवाल्याशी आधी बोला. आमच्याकडं एकदा डॉल्बी लावणारा गडी बोलावला होता. त्यानं सगळे स्पीकर लोकांकडं तोंड करून मांडले. स्टेजवरच्या पोरीला पेटी ऐकूच येईना. बिचारी पूर्ण पद वेगळ्याच पट्टीत गाऊन गेली आणि आत जाऊन रडत बसली. चूक तिची नव्हतीच. नटांकडं तोंड केलेला एक लहान स्पीकर लागतो, एवढंच. पेटी-तबलावाले स्टेजच्या पुढच्या बाजूला, नटाचं तोंड दिसेल असे बसवा.

विभागाला कधी, कसं भेटायचं

यात्रेच्या आठ दिवस आधी फोन करून काही होणार नाही. विद्यार्थ्यांच्या परीक्षा असतात, युवा महोत्सव असतो, त्यांचे स्वतःचे अभ्यासाचे प्रयोग असतात. मंडळाच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या नावानं पत्र द्या, चार-पाच महिने आधी. पत्रात तारीख, स्टेजची लांबी-रुंदी, गावातले किती जण काम करू इच्छितात आणि त्यांतले किती गातात, हे लिहा. होकार द्यायचा की नाही, हे त्यांच्या वेळापत्रकावर आहे.

होकार आला तर ती धंदेवाईक कंपनी नाही, शिकणारी मुलं आहेत, हे सगळ्यांनी लक्षात घ्यावं. जाण्यायेण्याची गाडी, जेवण, मुलींना कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि रात्रीच सुखरूप परत पोहोचवण्याची जबाबदारी मंडळाची. साथीदारांचं मानधन आधी ठरवा. ड्रेपरी भाड्यानं मिळते, पण भाड्याच्या पगड्या डोक्याला बसतात का ते आदल्या दिवशीच बघा. ऐन पदात पगडी डोळ्यांवर आली की देवलसुद्धा वाचवू शकत नाहीत.

गावातल्या पोरांना तालमीसाठी शहरात न्यावं लागेल किंवा दोघा-तिघा विद्यार्थ्यांना शनिवार-रविवार गावात आणावं लागेल. दुसरं जास्त सोयीचं. देवळाच्या सभामंडपात तालीम ठेवली तर बायाबापड्या येऊन बसतात, आणि कुणाच्या घरात गळा आहे ते तिथंच कळतं. त्यांतलं एखादं पोरगं बारावीनंतर हेच शिकायचं म्हणालं, तर त्याला त्या विद्यार्थ्यांशी निवांत बोलू द्या. प्रवेशाच्या अटी आणि फी विभागातच विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

प्रयोगाच्या दिवशीची एकच गोष्ट सांगायची राहिली. उघड्या माळावर, नदीकाठच्या गावात सूर्य मावळला की हवेत ओल येते. पेटी जागची हलत नाही, पण तबल्याचं चामडं सैल पडतं आणि सूर उतरतो. दुपारी लावलेला तबला संध्याकाळी तसा राहत नाही. नांदीच्या अर्धा तास आधी तबलजीला हॅलोजनच्या उजेडात, उबेला बसू द्या, तबल्यांवर जाड कापड टाका, आणि त्याला त्या वेळी कुणी चहाचं विचारायला सुद्धा जाऊ नका.