पडद्यावरचा राणी रंग कागदावर येताना

हायडेलबर्गच्या दक्षिणेला वीस्लॉख-वाल्डॉर्फ नावाचं रेल्वे स्टेशन लागतं, दोन गावांत मिळून एक. वाल्डॉर्फ म्हणजे एसएपी; १९७७ पासून या कंपनीचं ठाणं इथे आहे आणि संगणकाच्या कामासाठी आलेली मराठी घरंही तिच्याच आसपास वसली आहेत. स्टेशनाजवळच हायडेलबर्ग कंपनीचा छपाईयंत्रांचा मोठा कारखाना १९५७ पासून आहे. आपल्याकडच्या कितीतरी छापखान्यांत ज्या यंत्राला नुसतं ‘हायडेलबर्ग’ म्हणतात, त्याच कंपनीचा. पडदा आणि कागद असे शेजारी नांदतात, त्या गावातल्या घरांतही दिवाळीनंतर तीच तक्रार ऐकू येते: फोटो छापून आले, पण काळपट आले.

दोष बहुतेक वेळा छापणाऱ्याचा नसतो. पडदा स्वतः उजेड फेकतो. कागद त्याच्यावर पडलेला उजेड परत देतो. चांगल्या पडद्यावर सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद जागेत हजारपट फरक असतो, चकचकीत फोटोकागदावर तो जेमतेम शे-दोनशेपट. त्यात आपण ब्राइटनेस पूर्ण चढवून ठेवतो. अशा पडद्यावर अंधारा फोटोही उजळ दिसतो, म्हणून आपण तो आणखी उजळवत नाही आणि छापल्यावर फसतो. छपाईसाठी फोटो तपासताना पडदा साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर इतकाच उजळ ठेवतात. मापक नसेल तर सोपी युक्ती आहे: पडद्यावर कोरं पान उघडा, शेजारी दिव्याखाली पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. निम्म्याहून अधिक तक्रारी एवढ्यानंच मिटतात, असं माझं ठाम मत आहे.

उरलेल्या तक्रारी रंगाच्या. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडातून रंग घडवतो. छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून. दोघांची मजल वेगळी. हळदीचा पिवळा कागदावर सहसा छान उतरतो. पण पैठणीचा झगझगीत राणी रंग, मोरपंखी निळा, पोपटी हिरवा यांची पडद्यावरची धग चार शाईंना पेलत नाही. फोटोशॉपमधलं सॉफ्ट प्रूफ त्यासाठीच असतं. छापणाऱ्यानं दिलेलं कागदाचं प्रोफाइल तिथे निवडलं, की कोणता रंग मवाळ होणार हे आधीच कळतं. प्रोफाइलची ही सामाईक भाषा ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९९३ मध्ये उभी राहिली. घरगुती छपाईला फाइल बहुधा एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतच द्यावी. तीच अ‍ॅडोबी आरजीबीमध्ये गेली आणि यंत्रानं प्रोफाइल वाचलंच नाही, तर चेहरे फिकट, निस्तेज येतात.

आणि दिवा! नोव्हेंबरात जर्मनीत पाचच्या सुमारासच अंधारतं, त्यामुळे छापून आलेला अल्बम घरच्या पिवळ्या दिव्याखाली उघडला जातो. हा दिवा बहुधा २७०० केल्व्हिनचा, तर पडदा ६५०० च्या आसपासचा. मग पांढरं धोतर पिवळट दिसणारच. छपाईच्या धंद्यात नमुना ५००० केल्व्हिनच्या ठरावीक दिव्याखालीच पाहतात; बारकाईनं तपासायला २००० लक्स उजेड लागतो. मोठ्या छापखान्यांत कागदाच्या कडेला रंगांची पट्टी छापून ती यंत्रानं मोजतात, डोळ्यांवर सोडत नाहीत. ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडे मूळ आणि छाप यांच्यातला हा झगडा जुना आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला, तोही जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर आणून. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तैलचित्रातली त्वचेची कांती कागदावर आणायला कारागीर रंगागणिक वेगळा दगड तयार करत आणि छाप एकावर एक चढवत. मूळ चित्र आणि छाप तंतोतंत एक होत नव्हते, तरी त्या छापांनी घराघरातले देव्हारे भरले.

तेव्हा यंदाचा अल्बम मागवण्याआधी त्यातले दोन-तीन अवघड फोटो, विशेषतः भरजरी साड्यांचे आणि रात्रीच्या पणत्यांचे, लहान आकारात छापून घ्या. ते दुपारी खिडकीपाशी, ऊन थेट पडू न देता पाहा. मगच पूर्ण अल्बमची ऑर्डर द्या.